माझ्या मापाच्या पायऱ्या

उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्या पांढुर्ण्याच्या चर्चमध्ये वेदीपुढे काय मांडलंय ते पाहिलं की यंदा कोणाच्या शेतात काय पिकलं ते कळतं. संत्र्यांच्या टोपल्या, बोंडांसकट उपटून आणलेली कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या शेंगा, एखादं भलंमोठं कोहळं. ज्यांना शेत नाही ते बाजारातून पावशेर डाळ का होईना, आणून ठेवतात. प्रार्थना झाली की साक्षी सुरू होतात. एकेकाने उभं राहायचं आणि वर्षभरात देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आमची मंडळी मोजकी, त्यामुळे कोणाचं काय झालं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तरी सांगायचं. सांगणाऱ्यालाही हलकं वाटतं आणि ऐकणारेही, निदान पहिल्या दोघातिघांपर्यंत, मन लावून ऐकतात.

मी शाळेत मराठी शिकवते. मध्य प्रदेशात मराठी शिकवते म्हटलं की बाहेरची माणसं माझी कीव करतात. त्यांनी एकदा येऊन आमच्या बाजारात उभं राहावं, म्हणजे इथे कोणती भाषा चालते ते त्यांना कळेल. सांगायचा मुद्दा असा की बोलणं हाच माझा धंदा. साक्ष द्यायला मी उभी राहिले की लोक सावरून बसायचे. माझं वाक्य लांबलचक असायचं, या काठावरून निघून नदीपलीकडच्या सावरगावला जाऊन पोचायचं, पण मध्ये कुठे ठेचकाळायचं नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मग ते साथीचं वर्ष आलं. नागपूरच्या दवाखान्यात मी कितीतरी दिवस नाकावर मास्क लावून पालथी पडून होते. त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. एवढं आठवतं की श्वास ही मागून घ्यायची वस्तू झाली होती आणि प्रत्येक वेळी ती मिळेलच असं नव्हतं. मी वाचले. माझ्या शेजारच्या दोन खाटांवरच्या बाया वाचल्या नाहीत. देवाने मला का ठेवलं आणि त्यांना का नेलं, हे मी त्याला पुष्कळदा विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि मी विचारायचं सोडलेलं नाही.

घरी आले, पण वाक्य तिकडेच राहिलं. वर्गात उभी राहून म्हणायचे, "मुलांनो, आज आपण," आणि संपलं. पुन्हा हवा भरायची, मग पुढचे तीन शब्द. मुलं गुणी, गप्प बसून वाट बघायची. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी पोरं माझ्यासाठी गप्प बसतात याचाच मला जास्त त्रास व्हायचा. त्या साली उपकारस्तुतीला मी उभी राहिले, "देवाचे फार उपकार" एवढं म्हटलं आणि खाली बसले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मला त्या पाण्याचा राग आला. पुढच्या वर्षीही तेच झालं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं भरायची तेवढी भरून आलीत, आता चाला, चढा, वापरा त्यांना, जपून ठेवू नका.

आमच्या शाळेतले एक गुरुजी हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरावर जाऊन आले होते. स्टाफरूममध्ये मोबाइलवर फोटो दाखवता दाखवता ते म्हणाले, "मॅडम, वर हवाच नाही हो. चांगल्या धडधाकट माणसाला एक वाक्य पुरं बोलता येत नाही." सगळे हळहळले. मी मात्र कान टवकारले. म्हणजे या जगात अशी एक जागा आहे, जिथे सगळेच माझ्यासारखं बोलतात!

तो विचार डोक्यातून जाईना. आधी त्यात नुसता हट्ट होता. पण हळूहळू वाटायला लागलं की आपल्याला जे परत मिळालं त्याचे आभार जिथे ते भरपूर आहे तिथे मानण्यात काय विशेष? जिथे त्याची टंचाई आहे तिथे जाऊन मानावेत. माझी साक्ष अजून द्यायची राहिली होती. ती मी डोंगराच्या माथ्यावर देईन, तुटक तर तुटक, पण पूर्ण देईन, असं मी एका रविवारी चर्चमध्ये जाहीर करून टाकलं. तीनतीन शब्दांत जाहीर करायला बराच वेळ लागला.

पाळकसाहेब नंतर हळूच म्हणाले, "बाई, देवाशी पैज लावू नये."

"पैज नाही," मी म्हटलं. "आभार आहेत."

आमच्या ह्यांनी घरी आल्यावर कपाळाला हात लावला. "इथं पांढुर्ण्यात हवा फुकट भेटते," ते म्हणाले, "अन् तुमी पैसे देऊन कमी हवा घ्याले चालल्या." एका माणसाने तेवढं ऐकून लगेच बॅग शोधायला घेतली. ती माझी नणंद.

आमच्याकडे नणंदेला बाई म्हणतात. माझ्या बाई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पण मी त्यांना अरेतुरे कधी केलं नाही आणि त्यांनी मला. सौंसर तालुक्यात मोहगावकडे त्यांचा संत्र्याचा लहानसा बगीचा आणि थोडी कपाशीची जमीन आहे. निंदणाच्या दिवसांत आजूबाजूच्या बायांची टोळी त्याच लावतात. मी दवाखान्यात असताना आत कोणालाच सोडत नव्हते, तेव्हा ही बाई बाहेर पार्किंगमधल्या झाडाखाली चटई टाकून राहिली. माझ्यासाठी प्रार्थना करता करता तिथे बसलेल्या सगळ्याच लोकांसाठी करायला लागली, कोणाचा धर्म विचारला नाही. "देवाले का वेगळी वेगळी चिठ्ठी लागते का," असं त्यांचं म्हणणं. डोंगराचं कळलं तशा त्या म्हणाल्या, "वहिनी जाईन तर मी बी जाईन. मले बर्फ पाहाचा हाये."

तयारी म्हणजे काय, तर रोज सकाळी मी जाम नदीच्या काठाने चालायचे आणि रविवारी चर्च आटोपलं की आम्ही दोघी बोरगावच्या बाजूच्या टेकडीवर चढायचो. पहिल्या दिवशी मी अर्ध्यातच बसले. बाई शेजारी बसून बोरं खात राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी पूर्ण टेकडी चढायला लागले आणि दिवाळीनंतर वरून खाली हाक मारता यायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, चालायला लावून पाहिलं आणि जा म्हणाले. "पण शिखरासाठी जीव देऊ नका," हेही म्हणाले.

नाताळ झाला आणि आम्ही निघालो. दिल्ली, मग देहरादून, मग दिवसभर वळणं घेत जाणारी जीप, आणि शेवटी केदारकांठ्याच्या, म्हणजे आमच्या डोंगराच्या, पायथ्याचं गाव. आमच्या गटात नागपूरची काही पोरंपोरी होती, नुकतीच नोकरीला लागलेली, आपल्याच भाषेत बोलणारी. आम्ही पांढुर्ण्याच्या म्हटल्यावर त्यांतली एक पोरगी डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे ती गोटमार होते ना काकू? लोक एकमेकांना दगड मारतात ती?"

"हाव," बाई म्हणाल्या. "पन वर्षातून एकच दिवस. बाकीचे दिवस आमी चांगले अस्तो."

गाईड दोन. मोठा त्याच गावचा, तिशीचा, कमी बोलणारा. तो रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावायचा. तो चिमटा पाहिला आणि मी हात पाठीमागे नेला. दवाखान्यात सगळे माझ्या तोंडाकडे न बघता त्याच्याकडेच बघायचे. गाईडने आकडा वाचला, मान हलवली आणि म्हणाला, "बढ़िया है आंटीजी." मी त्याला दुसऱ्यांदा लावून बघायला लावलं. परत बढ़िया. त्या रात्री तंबूत मी आनंदाने जागी होते, असं बाई सांगतात. मी म्हणते थंडीने होते.

बाईंच्या अंगावर भाड्याचं जाडजूड जॅकेट होतं आणि त्याच्यावर त्यांनी आपल्या नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवला होता. आमच्याकडे शेतात जाणारी प्रत्येक बाई साडीवर असा पुरुषी शर्ट घालते. उन्हापासून, काट्यांपासून राखतो म्हणून. इथे ऊन नाही, काटे नाहीत, सगळं पांढरंफेक. पण शर्टाशिवाय कामाला लागल्यासारखं वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. नागपूरच्या पोट्ट्यांनी त्या शर्टासोबत एकेक फोटो काढून घेतला.

आणि संत्री. आमच्यासारख्या संत्र्याच्या मुलखातल्या माणसांनाच सुचावं असं हे शहाणपण. उपकारस्तुती रिकाम्या हाताने करायची नसते, म्हणून आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणारी, निवडक फळं बाईंनी बगीच्यातून तोडून, वाळल्या गवतात नीट रचून, पाठीवरच्या पिशवीत घातली होती. देवाला वाहू आणि मग सगळ्यांना वाटू. दुसऱ्या मुक्कामाला तलाव गोठलेला होता. सकाळी पिशवी उघडली तर संत्रीही गोठलेली. एक दुसऱ्यावर आपटलं तर टाक् असा आवाज आला. पोरांना हसू आवरेना. "काकू, आता करा इथेच गोटमार!" बाई काही खट्टू झाल्या नाहीत. त्यांनी दगडाने एक फोडलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चोखून म्हणाल्या, "कुल्फी हाये." मग सगळ्यांनी कुल्फी खाल्ली, गाईडनेसुद्धा. देवाच्या वाट्याचं त्या सकाळीच संपलं.

शिखराच्या आदल्या दिवशी दुपारी बर्फ पडलं. संध्याकाळी थांबलं. गाईडने सगळ्यांना गोळा करून समोरची एक लांब धार दाखवली आणि नियम सांगितला. उद्या पहाटे अंधारातच निघायचं. सूर्य त्या धारेवर आला की बर्फ मऊ होतं, पाय आत जातो, माणूस घसरतो. तोवर जो माथ्यावर पोचला तो पोचला, बाकीच्यांनी जिथे असतील तिथून खाली फिरायचं. "उसके बाद मैं किसी को ऊपर नहीं ले जाता," तो म्हणाला. "अपनी माँ को भी नहीं." बोलताना तो कोणाकडेच बघत नव्हता, पण ते माझ्यासाठी होतं हे सगळ्यांना कळलं.

पहाटे अंधारात मी छान चालले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटायचं की म्हातारीला झेपत नव्हतं. झाडी संपून मोकळा चढ लागेपर्यंत मी पोरांच्या मागोमाग होते. श्वास आपला आत जात होता, बाहेर येत होता. मी त्याच्याकडे लक्ष ठेवून होते, शेगडीवर ठेवलेल्या दुधाकडे ठेवतात तसं. गुरुजी म्हणाले होते ते खरंच होतं. सगळेच तीन शब्द बोलून थांबत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं कोणाला वेगळं वाटत नव्हतं. मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

मग शेवटचा चढ आला. सरळ उभा, नव्या बर्फाने बुजलेला. पुढे गेलेल्या पोरांनी बुटांनी ठोकून त्यात पायऱ्या पाडल्या होत्या. पोरं उंचीपुरी, त्यांच्या टांगा लांब. एका पायरीपासून दुसरी पायरी माझ्या पार मांडीपर्यंत यायची. मी काठी रोवायची, गुडघा उचलायचा, सगळं अंग ओढून वर न्यायचं आणि त्या एका पायरीत जवळची सगळी हवा संपून जायची. मग उभं राहायचं. परत हवा गोळा करायची. परत एक पायरी.

बाई माझ्या पुढेच होत्या आणि सारख्या मागे वळून बघत होत्या. त्यांचे पाय माझ्याएवढेच, पण त्यांचं अंग मेहनतीचं. मी हाताने खूण केली, व्हा पुढे. त्या थांबल्या. मी म्हटलं, "बाई, जा. तुमी इथं थांबून... माझं काही... लवकर होणार नाही." त्यांना ते पटलं असावं. दुसऱ्या गाईडबरोबर त्या वर गेल्या.

मोठा गाईड माझ्या मागे राहिला, घसरले तर धरायला. त्यामुळे त्याला पुढे होऊन पायऱ्या पाडता येईनात. थोड्या वेळाने मी मान वर केली. माथा दिसत होता. पोरं त्यावर पोचून नाचत होती. मग मी समोरच्या धारेकडे पाहिलं. तिच्या मागे उजेड साठत चालला होता. मी शाळेतली बाई आहे, हिशेब मला कळतो. माझ्या चालीने मी पोचणार नव्हते.

"आंटीजी," गाईड मागून हळूच म्हणाला, "बहुत अच्छा किया आपने." हरलेल्या माणसाशी असंच बोलतात. मी मनात म्हटलं, प्रभू, मी शिखर नाही मागत, मी फक्त आभार मानायला आलेय, एवढंही तू करू देणार नाहीस? असं म्हटलं आणि रडू फुटलं. रडायलाही हवा लागते, म्हणून तेही थांबवावं लागलं.

तेवढ्यात वरून ओरडा झाला. पोरं बाईंना हाका मारत होती, "काकू, इकडे! दोनच पावलं राहिली! फोटो!" आणि बाई, माथ्याला अगदी हात लागेल इतक्या जवळ गेलेल्या बाई, पाठ फिरवून खाली यायला लागल्या होत्या. दुसरा गाईड त्यांचा दंड धरून होता आणि बहुतेक त्यांना थांबवत होता. माझ्यामागचा गाईड ओरडला, "आंटी, उतरना नहीं! वहीं रुको!" बाईंनी त्याच्याकडे काडीचं लक्ष दिलं नाही. त्या आडव्या उभ्या राहून टाच मारत होत्या. एक टाच, दुसरी टाच, मग नीट पावलाने दाबून सपाट, मग खालची. पोरांच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक नवी पायरी.

मला तेव्हा कळलं की त्या काय करून राहिल्या.

आमच्याकडे निंदणाला बाया धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, ओळीने बसतात. प्रत्येकीला एक तास, म्हणजे पिकाच्या ओळींमधली एक पट्टी. निंदत निंदत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जायचं. जिचा हात चालतो ती आधी पोचते. पण पोचली म्हणून ती तिथे बसून पाणी पीत नाही. ती मागे फिरते, मागे राहिलेल्या बाईचा तास पलीकडच्या टोकाने धरते आणि तिच्या समोर निंदत येते, दोघींचे हात एकमेकींना लागेपर्यंत. मग दोघी उठतात. सगळ्यांचे तास निघाल्याशिवाय कोणी पुढच्या पट्टीला लागत नाही. बाईंच्या टोळीत हा नेम फार कडक आहे. त्यात कोणी कोणाला धन्यवाद म्हणत नाही आणि कोणाला लाजही वाटत नाही, कारण उद्या ताप आला तर मागे राहणारी तीच असते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी हौसेने निंदायला गेले होते, तेव्हा बाई दर वेळी मला माझ्या तासाच्या पहिल्या चतकोरातच येऊन भेटायच्या.

"काहून आल्या खाली?" मी जमेल तेवढ्या जोरात विचारलं. "जा ना वर!"

"जाऊन का करू?" वरून उत्तर आलं. "तास निघाला कुठं अजून? तुमी तिकडून या, मी इकडून येऊन राहिली!"

मी माझ्या बाजूने एक पायरी चढले. मग आणखी एक. वरती पोरांचा नाच थांबला होता. ती पोरगी, गोटमारीचं विचारणारी, तिने आधी नुसतं पाहिलं आणि मग दुसऱ्या गाईडला काहीतरी विचारून तीही खाली टाच मारायला लागली. तिच्या मागे आणखी एक पोट्टा. त्यांनी वरचा भाग धरला, बाईंच्या पायऱ्या बघून त्याच मापाने. माझा गाईड ओरडायचा थांबला. तो धारेकडे बघत होता, माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या ओठांची हालचाल चालली होती. बहुतेक तोही कोणाला तरी काहीतरी मागत होता.

बाईंचा हातमोजा माझ्या हातमोज्याला लागला. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि भुवयांवर बर्फ होतं. "आता चला," त्या म्हणाल्या. "इथून वरपर्यंत सगळं तुमच्या मापाचं हाये."

आणि मी चढले. काय सांगू कशी चढले! एक पायरी, एक श्वास. पाय घरच्या ओट्यावर ठेवावा तितका सहज वर जायचा आणि हवा शिल्लक राहायची. फुप्फुसं भरली होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढी पूर्ण भरली होती, कमी होत्या त्या पायऱ्या! नुसत्या पायऱ्या! दवाखान्यातल्या खाटेवर पालथ्या पडलेल्या मलाच मी मनात ओरडून सांगितलं, अगं ए, बघ, चढून राहिली तू! मागून गाईड म्हणत होता, "चलिए आंटीजी, चलिए, रुकना नहीं," आणि या वेळी त्याच्या आवाजात समजूत नव्हती, चक्क घाई होती. मला ती घाई इतकी आवडली. बाई पुढे, ती पोरगी त्यांच्या पुढे. मग पायऱ्या संपल्या आणि पुढे वर काही उरलंच नाही. मी माथ्यावर उभी होते. सूर्य अजून धारेच्या मागेच होता. आम्ही तिथे पोचलो, एकमेकींकडे पाहिलं आणि मग त्याने डोकं वर काढलं.

चारी बाजूंना नुसते पांढरे डोंगर. माथ्यावर दगडांच्या ढिगाऱ्यात एक त्रिशूळ रोवलेला होता. गाईडने बूट काढता येत नव्हते म्हणून वाकून हात जोडले, पोरांतल्याही काहींनी जोडले. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यांच्या देवाचं ठिकान हाये. आपन जरा बाजूनं उभं राऊ." आम्ही थोड्या बाजूला झालो. माझी साक्ष द्यायची आहे हे पोरांना तंबूतल्या गप्पांत कळलेलं होतं. ती सगळी फोटो सोडून आमच्याभोवती येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, बोला ना."

मी दोन वर्षं ती साक्ष मनात घोळवली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, तू मला..." आणि श्वास संपला.

त्या रिकाम्या जागेत बाई खणखणीत म्हणाल्या, "आमेन!"

मी हवा घेतली. "नागपूरच्या त्या खाटेवर..."

"आमेन!" या वेळी त्यात त्या पोरीचाही आवाज होता.

"श्वास परत दिलास..."

"आमेन!" सगळे. ती पोरं कोण कुठली, कोणाचे देव कोणते, ठाऊक नाही. पण दर तीन शब्दांनी माझं वाक्य तुटायचं आणि दर वेळी ही सगळी मिळून ते उचलून धरायची, मला हवा भरून होईपर्यंत. तुटण्याची मला लाज वाटेनाशी झाली. उलट मी मुद्दाम थांबायला लागले. मी वाक्य लांबवलं. माझे ओठ ओले करणाऱ्या नर्सबाई त्यात आल्या, कधी चूल न पाहिलेले आणि माझ्यासाठी पोळ्या लाटायला शिकलेले आमचे हे आले, वर्गात गप्प बसून माझी वाट बघणारी मुलं आली, शेजारच्या खाटांवरच्या त्या दोघी आल्या, आपल्या आईलाही वर न नेणारा गाईड आला आणि माथ्यावरून मागे फिरलेली ही पोरं आली. गाईड हसला. बारा हजार फुटांवर, चर्चमधल्यापेक्षा लांब वाक्य झालं ते. आणि ते मी शेवटाला नेलं. "आणि माझ्याआधी पोचून... माझ्याकडे येणारी... ही बाई मला दिलीस, म्हणून प्रभू, तुझे उपकार."

आमेन आलं नाही. मी डोळे उघडले. बाई हातमोजा तोंडावर दाबून माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मग गाईडनेच ते म्हटलं, आणि त्याच्यामागून सगळ्या पोट्ट्यांनी, इतक्या मोठ्याने की पुढचं वाक्य सुरू करायला मला त्यांचं ओरडणं संपायची वाट बघावी लागली.